कासवाचा कंटाळा

जप्तीत सापडलेल्या किंवा कुणाच्या घरून आणून दिलेल्या कासवांची देखभाल करणाऱ्यांच्या कानांवर एक वाक्य कायम पडतं : "याचा काही त्रास नाही हो, एका जागी पडून असतं." सांगणारा माणूस वाईट नसतो. त्यानं कासवाला वेळच्या वेळी खायला घातलेलं असतं, टब धुतलेला असतो, कितीतरी वर्षं त्याला सांभाळलेलं असतं. कुत्र्याला फिरवून आणावं लागतं, पोपट घर डोक्यावर घेतो, मांजर सोफा ओरबाडतं. कासव काहीच मागत नाही, म्हणून ते गुणी. सांगणारा हे वाक्य स्वभावाचं वर्णन म्हणून सांगतो. या कामात मुरल्यावर मी ते आजाराचं लक्षण म्हणून ऐकते. कासव शिकतं, शिकलेलं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं, दुसऱ्याचं पाहून युक्ती उचलतं आणि त्यांच्यातली काही खेळतातही, याचे पुरावे आता चांगले जमा झाले आहेत. ते मान्य केले की त्यांच्या पाठोपाठ येणारी गोष्टही मान्य करावी लागते. ज्या जिवाला नव्याची ओढ असते, त्याला तेच ते मिळत राहिलं तर कंटाळाही येणार. तसं असेल, तर पडून राहण्याचा दोष कासवाच्या जातीला देता येत नाही. तो आपल्या सांभाळण्यात शोधावा लागतो.

आपल्याकडे कासवाबद्दल आदर भरपूर आहे, कुतूहल मात्र फार थोडं. देवळात सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून आपण पुढे जातो. समुद्रमंथनाच्या वेळी मंदार पर्वत पाठीवर पेलणारा विष्णूचा दुसरा अवतार कासवाचा. गीतेतला स्थितप्रज्ञ इंद्रियं आवरून घेतो तो कासवासारखा. या सगळ्या ठिकाणी कासवाचं मोठेपण सोसण्यात, आवरण्यात आणि जागचं न हलण्यात आहे. ससा-कासवाच्या गोष्टीत ते शर्यत जिंकतं खरं, पण ती चिकाटीच्या बळावर. आणि पंचतंत्रातलं कासव तर हंसांबरोबर उडताना नको तिथे तोंड उघडून जीव गमावतं. बाहेरच्या जगातही निराळं घडलं नाही. गालापागोस बेटांवर येणारे खलाशी तिथली प्रचंड कासवं उचलून जहाजाच्या तळघरात रचत. अन्नपाण्यावाचून ती महिनोन् महिने जगत, त्यामुळे ताज्या मांसाची सोय होई. कासव मंद आणि निर्बुद्ध असल्याचं मत पसरवणाऱ्यांत हेच लोक होते. ज्याला आपण शिधा म्हणून वागवतो, त्याच्या डोक्यात काय चाललं आहे हे पाहायची गरज कुणाला वाटणार?

प्रयोगशाळांनीही सुरुवातीला कासवाला फारसा न्याय दिला नाही. विसाव्या शतकात बराच काळ सरपटणाऱ्या प्राण्यांची बुद्धी उंदरांसाठी आखलेल्या कसोट्यांवर तपासली गेली. उंदीर उष्ण रक्ताचा. खोली गार असली तरी त्याचं शरीर चालू राहतं, त्याला थोड्या थोड्या वेळानं भूक लागते, त्यामुळे खाऊच्या आमिषानं त्याच्याकडून दिवसाला कितीतरी फेऱ्या करून घेता येतात. कासवाच्या अंगात ऊब येते ती बाहेरून. गार फरशीवर ठेवलेल्या कासवाचे स्नायू आणि मज्जातंतू धड कामच करत नसतात, मग त्याच्या अकलेची परीक्षा कसली घ्यायची? पोट भरलं की त्याला पुढे बराच काळ खाण्याची घाई नसते. शिक्षा म्हणून विजेचा झटका दिला तर ते पळण्याऐवजी कवचात शिरतं, आणि आत गेलेलं कासव काही शिकलं की नाही हे बाहेरून कळायला मार्ग नाही. टेनेसी विद्यापीठातले गॉर्डन बर्गहार्ट हा आक्षेप अनेक दशकं मांडत आले. खरं तर रॉबर्ट यर्क्स यांनी १९०१ सालीच एका ठिपकेदार कासवाला छोट्याशा चक्रव्यूहातून त्याच्या अंधाऱ्या घरट्याकडे जायला लावलं होतं. पहिल्या खेपेला त्याला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला. सरावानंतर तेच अंतर ते मिनिटाच्या आत कापू लागलं. १९३२ मध्ये टिंकलपॉ यांनीही कासव चक्रव्यूह शिकतं असं दाखवलं. पुरावा होता, पण पुढची कित्येक वर्षं त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

या विषयाला नव्यानं चालना मिळाली ती ॲना विल्किन्सन या संशोधिकेच्या कामामुळे. त्यांची कासवं दक्षिण अमेरिकेतली, तांबड्या पायांची, जमिनीवर राहणारी. त्यांच्यातल्या मोझेस नावाच्या कासवावरचा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या जागेपासून आठ दिशांना आठ वाटा फुटतात आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला खाऊचा एक तुकडा असतो. एकदा जाऊन आलेल्या वाटेवर पुन्हा जाणं म्हणजे फुकटचे कष्ट, कारण तिथला खाऊ संपलेला. मोझेस गेलेल्या वाटा टाळू लागला, आणि त्यात योगायोगाचा भाग नव्हता. तो वासावरून ओळखत नाही, आणि ठरावीक क्रमानंही फिरत नाही, हे संशोधकांनी तपासून घेतलं. खोलीतल्या वस्तूंच्या खुणांवरून आपण कुठे जाऊन आलो हे तो ध्यानात ठेवत होता. पुढच्या प्रयोगात त्याच्याभोवती पडदा लावून त्या खुणा झाकल्या. मोझेसनं पद्धतच बदलली : आता तो एका वाटेतून बाहेर पडला की शेजारच्या वाटेत शिरू लागला, म्हणजे लक्षात ठेवायचं ओझंच उरलं नाही. पडदा काढला तेव्हा तो पुन्हा खुणांकडे वळला. 'ही नुसती सवय आहे' असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर या प्रयोगात आहे. परिस्थिती बदलल्यावर सवय मोडते आणि प्राणी गोंधळतो. इथे परिस्थिती बदलल्यावर उपाय बदलला.

दुसरा प्रयोग २०१० सालचा, आणि माझ्या मते त्याहून बोलका. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचं जाळीचं कुंपण, कासव एका बाजूला, खाऊ जाळीपलीकडे. खाऊ दिसतो, पण सरळ गेलं की जाळीला धडक बसते. आधी त्याच्यापासून दूर जाऊन वळसा घालावा लागतो. दिसणाऱ्या खाऊकडे पाठ फिरवणं भल्याभल्या प्राण्यांना अवघड जातं. ज्या चार कासवांना एकट्यानं प्रयत्न करायला लावलं, त्यांतल्या एकालाही हे जमलं नाही. दुसऱ्या चौघांना शिकवून तयार केलेलं एक कासव वळसा घालून खाऊपर्यंत जाताना दाखवलं गेलं, आणि ती शिकली. गंमत अशी, की ही जात कळपात राहणारी नाही. अंडी घालून मादी निघून जाते, पिलू बाहेर येतं ते पोरकंच. दुसऱ्याचं पाहून शिकणं ही कळपात राहणाऱ्या प्राण्यांची खास कमाई आहे, असं तोवर मानलं जात होतं. त्याच वर्षीच्या आणखी एका प्रयोगात ही कासवं दुसऱ्या कासवाची नजर जिकडे वळली तिकडे पाहतात, असंही दिसलं. आपल्या संतवाङ्मयात कासवी नुसत्या नजरेनं पिलांचं पोषण करते, हा दृष्टान्त ठिकठिकाणी येतो. प्रत्यक्षात कासवी पिलांकडे वळूनही पाहत नाही. तरीही २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली, कुणाचाही चेहरा न पाहिलेली जमिनीवरच्या कासवांची पिलं चेहऱ्यासारख्या आकृतीकडे अधिक वळताना आढळली. पाहणारी आई नसताना पाहण्याची ओढ मात्र जन्मजात आहे.

स्मरणशक्तीच्या बाबतीत तर कासवं आपल्याला खजील करतात. तांबड्या पायांच्या कासवांना वेगवेगळे रंगीत फलक दाखवून, कोणत्या फलकाच्या मागे जास्त किंवा आवडता खाऊ असतो आणि कोणत्या मागे थोडका किंवा नावडता, हे शिकवलं गेलं. मध्ये १८ महिने गेले. त्यानंतरही त्यांना कोणता फलक मोलाचा ते ठाऊक होतं. महाकाय कासवांची कथा त्याहून पुढची. व्हिएन्ना आणि झुरिच इथल्या प्राणिसंग्रहालयांत अल्दाब्रा आणि गालापागोस इथल्या कासवांना काठीच्या टोकाला लावलेला रंगीत चेंडू चावायला शिकवलं. ही प्रक्रिया जवळून समजून घेण्यासारखी आहे. आधी चेंडू दिसतो, कासव मान लांबवतं, चेंडूला तोंड लागतं आणि त्याच क्षणी गाजराचा किंवा बिटाचा तुकडा पुढे येतो. मग चेंडू एक पाऊल दूर धरायचा, मग चार पावलं. शेवटी दोन रंगांचे चेंडू समोर असताना प्रत्येकानं आपापला रंग निवडायचा. गटात शिकणारी कासवं एकेकट्यांपेक्षा लवकर शिकली. तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा त्यांना ते आठवत होतं. व्हिएन्नातल्या तीन कासवांना तर नऊ वर्षांनी पुन्हा काठी दाखवली, तेव्हाही चेंडूकडे जाऊन तो चावायचा हे तिघांच्याही लक्षात होतं. काठी आणि चेंडू यांचा उपयोग तमाशासाठी नाही. शेकडो किलोचं जनावर स्वतःहून वजनकाट्यावर चढलं, रक्त काढेपर्यंत मान बाहेर ठेवून उभं राहिलं, तर चार माणसांनी मिळून त्याला उलटंपालटं करण्याची वेळ येत नाही. आमच्या कामातही हेच अनुभवाला येतं. खाद्याची ताटली आणणारा माणूस आणि सुई टोचणारा माणूस यांच्यात कासवं थोड्याच काळात फरक करू लागतात : एकाची चाहूल लागली की माना बाहेर, दुसऱ्याची लागली की फुसकारा आणि पाय आत. गिल्बर्ट व्हाइट यांनी अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या टिमथी नावाच्या कासवाबद्दल हेच लिहून ठेवलं आहे : तीस वर्षांहून अधिक काळ खाऊ घालणारी वृद्धा दिसली की ते तिच्याकडे लगबगीनं निघे, परक्यांकडे मात्र ढुंकून पाहत नसे.

या सगळ्याला 'माणसानं शिकवलं म्हणून शिकलं' असं म्हणता येईल. मग माणसाचा हात नसलेल्या ठिकाणी काय दिसतं ते पाहू. १८३५ मध्ये डार्विन गालापागोसला गेले तेव्हा त्यांना किनाऱ्यापासून उंचावरच्या झऱ्यांपर्यंत कासवांनी मळलेल्या रुंद वाटा दिसल्या. त्या वाटांच्या मागावर जाऊनच स्पॅनिश लोकांना तिथलं पाणी सापडलं होतं. अलीकडे त्याच बेटांवरच्या कासवांना जीपीएसची यंत्रं लावून त्यांचं हंगामी स्थलांतर तपासलं गेलं. ती कधी निघतात हे त्या वेळच्या हिरवाईपेक्षा गेल्या अनेक वर्षांच्या अनुभवाशी अधिक जुळतं, असा निष्कर्ष निघाला. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटातली कासवं जमिनीत उथळ खळगे खणतात आणि पाऊस आला की त्यात साचलेलं पाणी पितात. ज्या प्राण्याला शंभर वर्षं जगायचं आहे, ज्याच्या मुलखात पाणी वर्षातून मोजकेच दिवस मिळतं आणि ज्याला एका चुकीच्या फेरीत कित्येक दिवस घालवणं परवडणारं नाही, त्याला घाईची अक्कल काय उपयोगाची? त्याला लागते ती टिकाऊ आठवण. आपण चपळाईला हुशारी समजतो, कारण आपल्या बुद्धीला झटपट उत्तर द्यायची सवय आहे. कासवाचं उत्तर उशिरा येतं, म्हणून ते येतच नाही असं समजणं हा परीक्षकाचा उतावळेपणा झाला.

जाणकार लोक यापुढे मेंदूचा मुद्दा काढतात, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. सस्तन प्राण्यांच्या मेंदूवर सहा थरांचं जे आवरण असतं ते कासवाला नाही. त्याच्या मेंदूचं आवरण तीन थरांचं. मेंदूचा आकारही शरीराच्या मानानं लहान. पण विचार करायला नेमका सस्तन प्राण्यांसारखाच मेंदू लागतो, हा दावा कावळ्यांनी आणि पोपटांनी केव्हाच खोटा पाडला आहे. त्यांच्याकडेही ते सहा थर नाहीत. कासवांच्या बाबतीत स्पेनमधल्या संशोधकांनी आणखी खोलात जाऊन पाहिलं. सस्तन प्राण्यांत जागा लक्षात ठेवणारा जो भाग आहे, त्याच्या जोडीचा भाग कासवाच्या मेंदूत आतल्या बाजूला असतो. त्याला इजा झाली तर कासव खुणांवरून जागा शोधण्याचं कौशल्य गमावतं. म्हणजे यंत्रणा जुनी आहे, आपल्या आणि त्यांच्या सामाईक पूर्वजांपासून चालत आलेली, आणि दोन्हीकडे अजून चालू आहे.

आता खेळाकडे येते. इथे पाऊल जपून टाकायला हवं. चेंडूमागे धावणाऱ्या कासवांची चित्रफीत मोबाइलवर पाहून सगळे हसतात आणि 'किती खेळकर' म्हणतात. पण चेंडूला धडका मारणारा नर त्याला प्रतिस्पर्धी समजत असेल किंवा मादी. लाल चेंडू चावणाऱ्याला तो टोमॅटो वाटला असेल. बर्गहार्ट यांनी २००५ मध्ये प्राण्यांच्या खेळाच्या उगमावर जो ग्रंथ लिहिला, त्यात यासाठी पाच कसोट्या सांगितल्या आहेत. वागण्याचा त्या क्षणी थेट उपयोग नसावा. ते आपखुशीनं आणि स्वतःच्या समाधानासाठी केलेलं असावं. खऱ्या कामातल्या वागण्यापेक्षा ते अर्धवट, अतिरेकी किंवा वयाआधीचं असावं. ते पुन्हा पुन्हा घडावं, पण यंत्रासारखं एकसुरी नसावं. आणि प्राणी निरोगी, निवांत असताना घडावं. या कसोट्या कडक आहेत, आणि सरसकट प्रत्येक गमतीदार हालचाल त्यांत बसत नाही. माझ्या रोजच्या पाहण्यातल्या पुष्कळ गोष्टींना मी याच कारणानं खेळ म्हणत नाही, चौकसपणा म्हणते. आवारात नवी वस्तू ठेवली की स्टार कासव आधी थबकतं. मान पुढे काढतं, गळ्याची कातडी भराभर वरखाली होऊ लागते. ते वास घेत असतं. मग नाक जवळजवळ वस्तूला टेकतं, जबडा हलकेच एकदा मिटतो, पुढचा पाय तिच्यावर पडतो. खाण्याजोगी नाही हे कळल्यावरही काही कासवं तिथेच घुटमळतात, ढकलून पाहतात, वळसा घालून दुसऱ्या बाजूनं येतात. चौकसपणा आणि खेळ यांच्यामधली हद्द इथे कुठेतरी आहे.

ती हद्द निःसंशय ओलांडणारं कासव वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात होतं. पिगफेस या नावाचा हा नाइल नदीतला मऊ पाठीचा नर पन्नासहून अधिक वर्षं तिथे राहिला. पुढे पुढे तो स्वतःच्या मानेला नखांनी ओरबाडू लागला, पाय चावू लागला, जखमा चिघळू लागल्या. औषधांपलीकडचा उपाय म्हणून त्याच्या टाकीत बास्केटबॉल, काठ्या, रिंगण आणि पाण्याची नळी अशा वस्तू सोडल्या गेल्या. पिगफेस चेंडू नाकानं ढकलत पाण्यात फिरू लागला. रिंगण तो चावे, झटके, त्यातून आरपार पोहत जाई. टाकीत पाणी भरायला नळी सोडली की तिचं टोक तोंडात धरून रस्सीखेच करी. बर्गहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार हालचालीच्या वेळातला जवळपास एक तृतीयांश वेळ तो या वस्तूंमध्ये रमलेला असे, आणि स्वतःला इजा करणं बरंच कमी झालं. नळी काही खाण्याची वस्तू नव्हती, मादी नव्हती, शत्रूही नव्हती. पाणकासवांची काही पिलं वयात येण्याच्या कितीतरी आधी, मोठे नर मादीपुढे पंजे थरथरवतात तशी एकमेकांपुढे थरथरवतात, हेही नोंदलं गेलं आहे; त्या वयात त्याचा उपयोग शून्य. पाण्यात हालचालीला कष्ट कमी पडतात, म्हणून तिथे खेळायला शक्ती उरते, असं बर्गहार्ट यांचं स्पष्टीकरण आहे. जमिनीवरच्या कासवांच्या खेळाचा पुरावा यापेक्षा तुटपुंजा आहे, हे मान्य करायलाच हवं. त्यांच्या शिकण्याचा आणि आठवणींचा पुरावा मात्र भक्कम आहे, आणि माझ्या मुद्द्याला तेवढा पुरतो.

संख्येवरून हरकत घेणारे भेटतात : चक्रव्यूहात एक कासव, कुंपणापाशी आठ, खेळाला मुख्य साक्षीदार एकटा पिगफेस, एवढ्यावर काय सिद्ध होतं? सगळी कासवं हुशार असतात, हे यावरून सिद्ध होत नाहीच, आणि तसं कुणी म्हणतही नाही. पण 'कासवाला हे जमतच नाही' हे विधान खोडायला एक कासव पुरेसं असतं. शिवाय हे संशोधक कासवांचे भाट नाहीत. याच विल्किन्सन आणि सहकाऱ्यांनी एका कासवाला महिनोन् महिने खपून जांभई द्यायला शिकवलं, आणि ती पाहून बाकीच्यांना जांभई येते का हे तपासलं. आली नाही. निष्कर्ष तसाच, नकारार्थी प्रसिद्ध झाला आणि त्याला २०११ सालचं इग नोबेलही मिळालं. कासवाला काय येत नाही हेही जे लोक तितक्याच तत्परतेनं सांगतात, त्यांनी काय येतं हे सांगितलं की मी विश्वास ठेवते.

पण बुद्धी असली म्हणून बंद टबात कासवाला वाईट कशावरून वाटतं? या प्रश्नालाही थोडं उत्तर मिळू लागलं आहे. लिंकन विद्यापीठात १५ तांबड्या पायांच्या कासवांना, एका जागी ठेवलेल्या वाडग्यात खाऊ असतो आणि दुसऱ्या जागी नसतो, हे शिकवलं गेलं. मग वाडगा अधल्यामधल्या जागी ठेवला. काही कासवं खाऊ असेल या आशेनं तिकडे लवकर निघाली, काही रेंगाळली. जी आशेनं निघाली, ती परक्या जागेत आणि अनोळखी वस्तूंपुढेही कमी बिचकली. म्हणजे क्षणिक भीती-भूक यांपलीकडे टिकून राहणारी बरीवाईट मनःस्थिती त्यांना असते. २०२५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, पण त्याची उलटी बाजू कासवं हाताळणाऱ्यांना आधीच ठाऊक होती. काचेच्या पेटीत ठेवलेलं कासव काचेला नाक लावून, पंजे घासत, तासन् तास तीच ती फेरी मारतं. घरच्यांना वाटतं ते खेळतंय. बर्गहार्ट यांची चौथी कसोटी इथेच कामाला येते : जे यंत्रासारखं एकसुरी, तो खेळ नव्हे. काही काळानं ही धडपडही थांबते, आणि मग कासव एका जागी पडून राहतं. त्यालाच घरात 'आता रुळलं' असं म्हणतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न दोन प्रकारच्या कासवांबाबत रोज उभा राहतो. पहिलं स्टार कासव. पाठीवरच्या पिवळ्या चांदण्यांमुळे आणि घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते या समजुतीमुळे त्याची चोरटी विक्री चालते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ते पाळणं गुन्हा आहे, आणि २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराबाबतच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे. मोकळ्या रानात ते उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ आणि पावसाळ्यात दिवसभर चरत हिंडतं. घरात त्याला मोरीचा कोपरा आणि पोळीचा तुकडा मिळतो, आणि पाठ वेडीवाकडी टेंगळं येऊन वाढते. दुसरं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं अमेरिकन रेड इअर्ड स्लायडर. रुपयाएवढं असताना ते फिशटँकच्या दुकानातून येतं, ताटलीएवढं झालं की गावच्या तळ्यात सोडलं जातं, आणि तिथल्या मूळ कासवांच्या तोंडचा घास पळवतं. दोन्ही खरेदींमागे समज एकच : कासवाला काही लागत नाही.

ज्यांच्या ताब्यात कायद्यानंच कासवं आहेत, अशा बचाव केंद्रांना आणि प्राणिसंग्रहालयांना हे सगळं खर्चिक वाटायचं कारण नाही. खाद्य एका ताटलीत न देता आवारात विखरून ठेवावं, कधी पाल्याच्या ढिगात लपवावं. जास्वंदीचं फूल मान उंच करावी लागेल इतक्या उंचीवर टांगावं. जमीन एकसारखी सपाट न ठेवता माती, वाळू, दगड, चढउतार ठेवावेत. ऊन आणि सावली यांतून निवड करता यावी. पाण्याचं उथळ ताट असावं. आणि ही मांडणी अधूनमधून बदलावी. हे केल्यावर कासवं जास्त चालतात, जास्त वेळ चरतात आणि काचेपाशी किंवा भिंतीपाशी कमी घुटमळतात. 'एवढं कशाला, ती तशीही जगतात' असं कुणी म्हणालं, तर जगण्याच्या चिवटपणावरून सुखाचं माप काढू नये, एवढंच सांगते. जहाजाच्या तळघरात उलटी रचलेली कासवंही महिनोन् महिने जगत होती.

घरी पाळणाऱ्यांना मात्र सल्ला वेगळा आहे. फूल टांगून आणि दगड रचून स्टार कासवाचं रान घरात आणता येत नाही. ते घरात असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि सोपवा. परस्पर जंगलात किंवा देवळाच्या तळ्यात सोडू नका, कारण चुकीच्या जागी सोडलेलं कासव स्वतःही मरतं आणि आजारही पसरवतं. स्लायडर आधीच घेतलं असेल तर त्याला मोठी टाकी, ऊन घ्यायला कोरडी जागा आणि रोज काहीतरी नवं द्या, आणि त्याला तीस-चाळीस वर्षं सांभाळायची तयारी ठेवा. अजून घेतलं नसेल, तर घेऊ नका.